हरमन कासवाच्या टेबलासाठी ऊब आणि उजेड : कोणते दिवे, किती उंचीवर?

रेडिंगकर (६ ऑक्टोबर, रात्री ९.४०)

नमस्कार. आमच्या घरी गेल्या मार्च महिन्यापासून हरमन जातीचे एक कासव आहे. वय ४ वर्षे, कवचाची लांबी ११ सेंटिमीटर. मुलीने त्याचे नाव ‘धोंडी’ ठेवले आहे. एवढ्या वयात नर-मादी ओळखणे अवघड असल्यामुळे उद्या धोंडीचा धोंडू होण्याची आमची तयारी आहे. ब्रिटनमध्ये या जातीच्या विक्रीसाठी लागणारे प्रमाणपत्र आणि कातडीखालची चिप या दोन्ही गोष्टी रीतसर झालेल्या आहेत, त्यामुळे प्रश्न कायद्याचा नाही, दिव्यांचा आहे.

कासवासोबत दुकानदाराने आम्हाला एक ‘संपूर्ण संच’ दिला होता : ९० सेंटिमीटर लांबीची काचेची पेटी, वेटोळ्यांचा छोटा अतिनील बल्ब, रात्रीसाठी ६० वॅटचा लाल बल्ब आणि पेटीच्या तळाला चिकटवायची गरम होणारी चटई. उन्हाळाभर धोंडी दिवसा बागेतच असल्याने यातले फारसे काही वापरले गेले नाही. सप्टेंबर संपता संपता तिला आत आणले आणि तेव्हापासून ती कोपऱ्यात मान आत ओढून बसते, दिवसातून जेमतेम एकदा बाहेर येते आणि आवडीच्या डॅन्डेलियनच्या पानांनाही तोंड लावून सोडून देते. पेटीच्या भिंतीवर चिकटवलेला तबकडीचा तापमापक २८ अंश दाखवतो, म्हणजे ऊब पुरेशी असावी अशी माझी समजूत आहे.

आता मी १२० बाय ६० सेंटिमीटरचे, वरून उघडे असलेले लाकडी टेबल, म्हणजे कडेला भिंती असलेला पसरट खोका, बनवतो आहे. त्यावर ऊब आणि अतिनील किरण दोन्ही देणारा एकच बल्ब लावावा की दोन्हींची वेगळी सोय करावी? रात्री त्या खोलीचे तापमान १५ अंशांपर्यंत उतरते, तेव्हा रात्रीही काही तापवावे लागेल का? आणि टेबल दक्षिणेकडच्या मोठ्या खिडकीखाली ठेवले तर हा सगळा खर्च वाचू शकेल का?

नेकारकाठ (६ ऑक्टोबर, रात्री ११.०५)

मी श्टुटगार्टमध्ये १४ वर्षांपासून याच जातीची कासवे सांभाळतो आणि पहिली दोन वर्षे मीही अशाच एका संचावर काढली होती. बल्ब कोणता हे शेवटी ठरवावे, त्याआधी धोंडी उन्हाळ्यात बागेत काय करत होती ते आठवून पाहावे, अशी माझी सूचना आहे. सकाळी ती बाहेर येऊन एखाद्या दगडाशी किंवा भिंतीशी ऊन खात बसत असणार, अंग तापले की चरायला निघत असणार, दुपारी झुडपाखाली शिरत असणार आणि कलत्या उन्हात पुन्हा त्याच जागी येत असणार. ऊन खाताना तिला ऊब, लख्ख उजेड आणि अतिनील किरण या तिन्ही गोष्टी एकाच जागी, एकाच वेळी आणि वरून मिळतात. घरात आपण या तिन्ही गोष्टी तीन कोपऱ्यांत टांगतो. मग कासव उबेकडे जाते, कारण ऊब त्याला जाणवते, आणि अतिनील दिवा दुसऱ्या टोकाला एकटाच जळत राहतो.

म्हणून टेबलाच्या एका टोकाला आपण एक सूर्य टांगतो आहोत असे समजावे. तिथे कवचाच्या उंचीवर ३२ ते ३५ अंश तापमान हवे आणि दुसऱ्या टोकाला १८ ते २२. मधला उतार जितका लांब, तितकी कासवाला निवड करायला जागा मिळते. तुमचे १२० सेंटिमीटर त्यासाठी ठीक आहेत, ९० सेंटिमीटरच्या बंद काचपेटीत मात्र सगळीकडे एकसारखे कोमट होऊन बसते. तुमच्या तबकडीवरच्या २८ अंशांवर विसंबू नका. तो आकडा भिंतीलगतच्या हवेचा आहे, धोंडीच्या पाठीचा नाही. लांब वायरची सळई असलेला डिजिटल तापमापक घ्या आणि सळईचे टोक दिव्याखाली, कवचाच्या माथ्याइतक्या उंचीवर ठेवून किमान एक तासाने आकडा वाचा.

तिच्या भुकेविषयी एक शंका आहे. ऑक्टोबरात दिवस लहान होतात, उजेड मंदावतो आणि या जातीचे शरीर शीतनिद्रेच्या तयारीला लागते. शीतनिद्रा ५ अंशांच्या आसपास होते. १२ ते १८ अंशांच्या मधल्या पट्ट्यात झोप नीट लागत नाही आणि अन्नही नीट पचत नाही, त्यामुळे या त्रिशंकू अवस्थेत महिनाभर राहिलेले कासव खंगते. यंदा तिला झोपवायचे नसेल, तर दिवसाचे १२ ते १४ तास भरपूर उजेड देऊन तिच्यासाठी उन्हाळा चालू ठेवा. दर आठवड्याला वजन लिहून ठेवा आणि ते घसरत असेल तर सरपटणाऱ्या प्राण्यांची माहिती असलेल्या पशुवैद्याला दाखवा.

किरणशलाका (७ ऑक्टोबर, सकाळी ८.१५)

वरचा सल्ला पटला. खिडकीच्या प्रश्नाचे उत्तर स्पष्ट ‘नाही’ असे आहे, आणि त्यामागचे कारण थोडे सविस्तर सांगणे योग्य ठरेल.

कासवाच्या त्वचेत ड३ जीवनसत्त्व तयार होण्यासाठी साधारण २९० ते ३१५ नॅनोमीटर तरंगलांबीचे अतिनील किरण लागतात. त्यांनाच यूव्हीबी म्हणतात. खिडकीची साधी काच हे किरण जवळजवळ पूर्णपणे अडवते. काचेतून येणारा कवडसा कासवाला तापवतो, त्याचे डोळेही दिपवतो, पण हाडांच्या उपयोगाचा नसतो. बागेत पॉलिकार्बोनेटच्या छताखाली ठेवलेल्या कासवांचीही हीच फसगत होते. ड३ पुरेसे नसेल तर अन्नातले कॅल्शियम आतड्यातून रक्तात नीट शोषले जात नाही. मग शरीर ते हाडांतून आणि कवचातून काढून घेऊ लागते. आपल्याकडे लहान मुलांच्या ज्या आजाराला मुडदूस म्हणत, त्याच जातीचा हा प्रकार आहे : कवच दाबल्यावर लवते, मागच्या पायांतले बळ जाते आणि चालताना पोट जमिनीला घासू लागते.

त्वचेत आधी जे द्रव्य तयार होते, त्याचे ड३ मध्ये रूपांतर व्हायला ऊब लागते. थंड कोपऱ्यात यूव्हीबी देऊन काम अर्धवट का राहते, याचे उत्तर यात आहे आणि नेकारकाठ यांच्या ‘एकच सूर्य’ या म्हणण्याला त्यातून आधार मिळतो. दुसरे असे की प्रकाशातून तयार होणारे ड३ शरीर स्वतःच आवरते : गरजेपेक्षा जास्त झालेला भाग त्याच प्रकाशातल्या थोड्या लांब तरंगलांबीच्या किरणांनी निरुपद्रवी द्रव्यांत मोडला जातो. तोंडावाटे दिलेल्या ड३ च्या पुडीला असा आपोआप लगाम नाही. दिवा चांगला असेल तर पुडी सांभाळूनच द्यावी आणि कॅल्शियमसाठी समुद्रफेसाचा तुकडा टेबलावर ठेवून द्यावा. कोकणच्या किनाऱ्यावर पांढरा, हलका, होडीसारखा जो तुकडा सापडतो, तोच हा. कासव त्याला हवा तेव्हा कुरतडते.

फिनिक्सवासी (७ ऑक्टोबर, दुपारी ४.५०)

मी थोडा वेगळा अनुभव मांडतो. माझ्याकडे अ‍ॅरिझोनात दोन सुलकाटा कासवे आहेत, वजने सध्या २० किलोंच्या पुढे. हिवाळ्यात गॅरेजमध्ये त्यांच्यासाठी मी पाऱ्याच्या वाफेचा १६० वॅटचा बल्ब वापरतो. ऊब, उजेड आणि अतिनील किरण तिन्ही एकाच दिव्यातून, म्हणजे वर ज्याला ‘एकच सूर्य’ म्हटले आहे तो अक्षरशः एकच. एक होल्डर, एक वायर. दोन-तीन वेगळे दिवे जुळवत बसण्यापेक्षा नवख्या माणसाने हेच घ्यावे असे मला वाटते. रात्रीसाठी चिनी मातीचा उष्णता देणारा बल्बही लावावाच, कारण रात्रीच्या गारठ्याने कासवांना श्वसनाचे विकार होतात.

नेकारकाठ (७ ऑक्टोबर, सायंकाळी ७.३०)

फिनिक्सवासी, आपल्या कासवांसाठी आपली व्यवस्था योग्यच आहे, पण धोंडीसाठी मी ती सुचवणार नाही. पाऱ्याचा बल्ब मंद करता येत नाही आणि थर्मोस्टॅटला (ठरवलेले तापमान राखणाऱ्या यंत्राला) जोडता येत नाही. तापमान कमी-जास्त करायचे तर तो वर-खाली सरकवणे एवढाच मार्ग उरतो, आणि सरकवला की अतिनील किरणांचे प्रमाणही बदलते. एक बरोबर करायला जावे तर दुसरे बिघडते. वीज क्षणभर गेली तरी तो पूर्ण थंड होईपर्यंत पुन्हा पेटत नाही. शिवाय त्याचा झोत अरुंद असतो. उंच गॅरेजमध्ये मोठ्या कासवाला तो चालून जातो, ३० सेंटिमीटर भिंतीच्या टेबलावर ११ सेंटिमीटरच्या पिल्लाला नाही.

रात्रीचा मुद्दा तर जातीवरच अवलंबून आहे. सुलकाटा आफ्रिकेतल्या सहारा वाळवंटाच्या दक्षिण कडेचे, शीतनिद्रा न घेणारे कासव आहे. त्याला रात्रीही ऊब लागते. हरमन स्पेनपासून बाल्कनपर्यंतच्या टेकड्यांवरचे. निरोगी हरमनला रात्री १५ अंश अजिबात जड जात नाहीत, उलट दिवस आणि रात्र यांच्या तापमानात फरक असलेला बरा. तेव्हा रेडिंगकर, रात्री सगळे बंद करा. लाल बल्ब तर काढूनच टाका : कासवांना लाल रंग दिसतो, त्यामुळे तो अंधार नव्हे, रात्रभर जळणारी शेकोटी आहे. तळाची चटईही नको, कारण कासवाला ऊन वरून येते हे ठाऊक असते आणि पोटाखालून भाजत असेल तर बाजूला सरकण्याचे त्याला नीट सुचत नाही.

फिनिक्सवासी (७ ऑक्टोबर, रात्री १०.१५)

जातीचा फरक माझ्या लक्षात आला नव्हता, तो मान्य. अरुंद झोताचेही खरे आहे. माझ्या एका कासवाच्या कवचाच्या मधोमध फिकट, कोरडा ठिपका पडला आहे आणि त्याचे कारण मी आतापर्यंत आहारात शोधत होतो.

किरणशलाका (८ ऑक्टोबर, सकाळी ७.५५)

तो ठिपका बहुधा दिव्याचाच असावा. सूर्याच्या उष्णतेचा मोठा भाग जवळच्या अवरक्त किरणांतून येतो आणि हे किरण त्वचेच्या थोडे आत शिरून अंग आतून तापवतात. हॅलोजन आणि जुन्या तारेच्या बल्बांतून त्यातल्या त्यात असेच किरण मिळतात. चिनी मातीच्या बल्बातून मात्र फक्त दूरचे अवरक्त किरण निघतात, जे पृष्ठभागावरच थांबतात : पाठ तापते, कवच कोरडे पडते, पण अंगात ऊब मुरायला वेळ लागतो, म्हणून कासव आणखी वेळ तिथेच बसून राहते. उजेड तर त्यातून शून्य.

कवच कोरडे पडण्याचा संबंध त्यावर वाढणाऱ्या उंचवट्यांशीही आहे. २००३ साली सुलकाटा पिल्लांवर प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात कवचाचे असे मनोरे वाढण्यामागे हवेतला कोरडेपणा हे मुख्य कारण आढळले आणि ज्या प्रथिनांना सगळे दोष देत होते, त्यांचा परिणाम किरकोळ निघाला. म्हणून ऊब देणाऱ्या दिव्याचा विचार ओलाव्याच्या विचारापासून तोडता येत नाही. टेबलात १० ते १५ सेंटिमीटर जाडीचा, खत नसलेल्या मातीचा आणि कोकोपीटचा थर द्यावा, त्याचा खालचा भाग ओलसर राहू द्यावा आणि वरचा भाग कोरडा.

कोथरूडची सावली (८ ऑक्टोबर, दुपारी १.२०)

चर्चा फार उपयुक्त चालली आहे. पुण्यात आमच्या शेजाऱ्यांकडे कवचावर पिवळ्या चांदण्या असलेले एक छोटे कासव आहे आणि ते त्याला काचेच्या भांड्यात, गॅलरीत ठेवतात. त्यांना यातला कोणता दिवा सुचवावा?

नेकारकाठ (८ ऑक्टोबर, सायंकाळी ६.१०)

कोणताही नाही. ते तारा कासव आहे. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ खाली ते पाळणे, विकणे, विकत घेणे हे सगळेच गुन्हे आहेत आणि २०२२ च्या दुरुस्तीनंतर ते पहिल्या अनुसूचीत आहे. २०१९ पासून त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरही कडक बंदी आहे. शेजाऱ्यांनी ते परस्पर टेकडीवर नेऊन सोडू नये, वनविभागाला कळवून त्यांच्या ताब्यात द्यावे. दुसरीकडून आलेले कासव अनोळखी जागी जगेलच असे नाही, शिवाय त्याच्याबरोबर तिथल्या प्राण्यांत रोगही जाऊ शकतो.

फ्यूजवायर (८ ऑक्टोबर, रात्री ९.००)

मी लेस्टरमध्ये विजेची कामे करतो. कासवांबद्दल मला काही कळत नाही, पण त्यांच्या दिव्यांनी जळालेली दोन टेबले पाहिली आहेत, म्हणून लिहितो. १०० वॅटच्या हॅलोजनला प्लास्टिकचा होल्डर चालत नाही, चिनी मातीचाच हवा. दिवा चिमट्याच्या आधाराने टेबलाच्या कडेला अडकवू नये. चिमटा ढिला होतो आणि दिवा कोरड्या गवतावर पडतो. छताला किंवा टेबलावर उभारलेल्या चौकटीला हूक मारून साखळीने टांगावा, म्हणजे उंचीही एकेक कडी सोडून बदलता येते. वायर दिव्याच्या वरून बाजूला न्यावी. कासवाला दररोज पाण्यात बसवता असे ऐकतो, तेव्हा गळती होताच वीज तोडणाऱ्या स्विचवरूनच सगळे जोडावे.

खर्चाची काळजी असेल तर हिशेब सोपा आहे : १०० वॅट दहा तास म्हणजे एक युनिट. थर्मोस्टॅट लावल्यास त्याहून कमी.

रेडिंगकर (९ ऑक्टोबर, रात्री ८.४५)

सर्वांचे मनापासून आभार. चटई आणि लाल बल्ब आजच काढले. आता नेमके दिवे आणि उंची सांगाल का? दुकानात अतिनील नळ्यांवर ५, ६, १०, १२ आणि १४ टक्के असे आकडे दिसले आणि मी गोंधळून परत आलो.

नेकारकाठ (९ ऑक्टोबर, रात्री ११.३०)

टक्क्यांवरून नळीच्या बळाचा ढोबळ अंदाजच येतो. महत्त्वाचा आकडा कवचावर पडणाऱ्या अतिनील निर्देशांकाचा. हवामानाच्या बातम्यांत उन्हाच्या तीव्रतेसाठी सांगतात तोच हा निर्देशांक. ऊन खाण्याच्या जागी तो ३ च्या आसपास असावा, तिथून दूर जाताना उतरत जावा आणि लपण्याच्या जागेत शून्य असावा. लंडनच्या परिसरात तो डिसेंबरात १ च्या वर क्वचितच जातो, म्हणजे हिवाळ्यात खिडकी उघडी टाकूनही उपयोग नाही.

तुमच्या टेबलासाठी मी टी५ प्रकारची (बारीक ट्यूबलाइटसारखी), १२ टक्क्यांची, २४ वॅटची, सुमारे ५५ सेंटिमीटर लांबीची नळी घेईन. तिला चकचकीत परावर्तक हवाच, नाहीतर निम्मा प्रकाश छताकडे जातो. नळी कवचाच्या माथ्यापासून ३५ ते ४५ सेंटिमीटर उंच टांगावी. उंची माथ्यापासून मोजायची, मातीपासून नाही. धोंडी दगडावर चढली की ती दिव्याला पाच सेंटिमीटरने जवळ येते. मधे जाळी, काच किंवा प्लास्टिक काही नको. जाळीसुद्धा एक तृतीयांशाच्या आसपास किरण खाते. नळी नेहमी डोक्यावर असावी, बाजूने कधीच नको : कासवाच्या डोळ्यांवर भुवईसारखी कड असते, ती वरच्या उन्हापासून डोळे वाचवते, बाजूच्या दिव्यापासून नाही. वेटोळ्यांचा बल्ब फेकून द्या, त्याचा झोत तळहाताएवढ्या जागेपलीकडे पोहोचत नाही.

उबेसाठी एका मोठ्या बल्बऐवजी रुंद झोताचे दोन हॅलोजन शेजारी-शेजारी लावा, प्रत्येकी ५० वॅटच्या आसपास. हेतू असा की ऊब पूर्ण कवचावर आणि पायांवर सारखी पडावी, मधल्या एका ठिपक्यावर नाही. युरोपात २०१६ ते २०१८ च्या दरम्यान आणि तुमच्याकडे २०२१ पासून साधे घरगुती हॅलोजन बाजारातून जात राहिले आहेत, पण सरपटणाऱ्या प्राण्यांसाठीचे मिळतात. त्यांना थर्मोस्टॅट लावायचा तर उजेड हळूहळू मंद करणाऱ्या प्रकारचाच घ्या. चालू-बंद करणाऱ्याने बल्ब दिवसभर उघडझाप करतो आणि लवकर जातो. नळी हॅलोजनच्या इतकी लगत असावी की कासव ऊन खायला बसले की दोन्हींच्या झोतात आपोआप येईल. शेवटी एक साधी ६५०० केल्विनची, म्हणजे दिवसाच्या उजेडासारखी पांढरी एलईडी पट्टी पूर्ण टेबलावर लावा. ती ऊबही देत नाही आणि यूव्हीबीही नाही, पण भर दुपारच्या लख्खपणाची जाणीव तिच्याशिवाय होत नाही. माझा अनुभव असा की भुकेवर सगळ्यात लवकर परिणाम या स्वस्त पट्टीचाच दिसतो.

टी५ नळी साधारण वर्षाने बदलावी, जरी ती डोळ्यांना पहिल्यासारखीच उजळ दिसत असली तरी. अतिनील भाग आधी ओसरतो, दिसणारा नंतर.

किरणशलाका (१० ऑक्टोबर, सकाळी ८.२०)

याला एक पुस्ती. निर्देशांक मोजणारे हातातले यंत्र महाग असते, पण कासव पाळणाऱ्यांच्या स्थानिक मंडळांत ते बहुधा कोणाकडे तरी असते. एका संध्याकाळी उसने आणून सगळ्या टेबलाचे आकडे कागदावर उतरवून घ्या. आणि केवळ एलईडीचे नवे अतिनील दिवे तूर्त टाळा : काहींचा वर्णपट इतका अरुंद असतो की जास्तीचे ड३ मोडणारे किरण त्यात पुरेसे नसतात, म्हणजे मी वर सांगितलेला तो लगाम ढिला पडतो.

रेडिंगकर (१७ नोव्हेंबर, सायंकाळी ६.३०)

पाच आठवड्यांनी लिहीत आहे. टेबल झाले. नळी, दोन हॅलोजन आणि एलईडी पट्टी फ्यूजवायर यांनी सांगितल्याप्रमाणे साखळ्यांवर टांगली. पहिल्या दिवशी दिव्याखाली सळई ठेवली तर ४१ अंश निघाले. हॅलोजन तीन कड्या वर घेतल्यावर ३४ वर स्थिरावले. थंड टोकाला २० अंश. मंडळातल्या एका आजोबांनी निर्देशांकाचे यंत्र स्वतः घेऊन येऊन मोजून दिले : ऊन खाण्याच्या जागी ३.१, टेबलाच्या मध्यावर ०.९, कौलाच्या तुकड्याखालच्या लपण्याच्या जागेत शून्य. त्यांनी जुना वेटोळ्यांचा बल्बही कुतूहल म्हणून पेटवून पाहिला. पेटीत तो ज्या उंचीवर होता, तिथे ०.३.

धोंडी पहिले दोन दिवस थंड टोकालाच राहिली आणि मी बराच अस्वस्थ होतो. तिसऱ्या दिवशी सकाळी दिवे लागल्यावर वीस मिनिटांत ती बाहेर आली, हॅलोजनखालच्या सपाट दगडावर चारही पाय पसरून, मान लांब काढून बसली. बागेत बसायची अगदी तशीच. त्यानंतर खाणे सुरू झाले. वजन २७४ ग्रॅमवरून २८९ वर आले आहे. मुलीने दगडाला ‘ओटा’ असे नाव दिले आहे.

एक अडचण उरली आहे. दिव्यांमुळे वरची माती दोन दिवसांत भुकटीसारखी होते आणि धोंडी चालली की धूळ उडते. पाणी वरून शिंपडावे की कडेने खालच्या थरात सोडावे?

नेकारकाठ (१७ नोव्हेंबर, रात्री ८.००)

कडेने, थेट तळाशी. कोपऱ्यात उभा पाइप पुरून त्यातून आठवड्याला साधारण एक लिटर ओतून पाहा आणि मातीत बोट खुपसून ओल किती वर येते ते बघत प्रमाण ठरवा. वरून शिंपडल्यास ओट्याभोवती चिखल होईल आणि ती पोटाने ओल्या, थंड मातीवर बसेल. वरचा थर मुठीने थोडा दाबून घ्या, म्हणजे धूळ कमी होईल.